मोशावचे गाव: ठिबकाच्या आधी ठरलेले नियम

मराठवाड्यात दुष्काळाची चर्चा सुरू झाली की थोड्याच वेळात इस्राएलचे नाव निघते. जालना जिल्ह्यातील कडवंचीला शेततळी आणि द्राक्षबागांमुळे ‘महाराष्ट्राचे इस्राएल’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मराठवाडा वॉटर ग्रिडच्या आराखड्याचे काम राज्य सरकारने मेकोरोट या इस्राएलच्या सरकारी जलकंपनीकडे दिले होते. तिकडे अभ्यासदौऱ्याला जाऊन आलेली मंडळी ठिबकच्या नळ्यांचे आणि शेडनेटचे फोटो हौसेने दाखवतात. या सगळ्यात एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. व्यापारी स्वरूपातील ठिबक सिंचन तिथे १९६५ मध्ये हात्झेरिम या वसाहतीत सुरू झाले. ज्या सहकारी गावांमुळे त्या देशाची शेती उभी राहिली, त्यांतले पहिले गाव, नहलाल, त्याच्या ४४ वर्षे आधी, १९२१ मध्ये वसले होते. त्या गावाकडे ठिबक नव्हते, कर्ज द्यायला धड बँक नव्हती आणि शेतीत मुरलेले शेतकरीही फारसे नव्हते. त्यांच्याकडे होते ते आपापसांत आधीच ठरवून घेतलेले काही नियम, आणि ते नियम समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही.

या प्रकारच्या गावाला मोशाव म्हणतात. आपल्याकडे मोशाव आणि किब्बुत्झ यांची हमखास सरमिसळ होते, म्हणून फरक आधीच सांगितलेला बरा. किब्बुत्झमध्ये जमीन, अवजारे, जनावरे, स्वयंपाकघर आणि मिळकत सारे सामाईक असे. सदस्याला मजुरी मिळत नसे, त्याच्या गरजा वसाहत भागवीत असे. मोशावमध्ये प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे, गोठा वेगळा, शेत वेगळे आणि नफा-तोटाही ज्याचा त्याचा. सामाईक असते ते शेताच्या बांधाबाहेरचे सारे: खत-बियाणे-पेंडीची खरेदी, मालाची विक्री, कर्ज, पाणीपुरवठा, मोठी यंत्रे, शाळा आणि दवाखाना. थोडक्यात, नांगर स्वतंत्र आणि बाजार एकत्र.

ही कल्पना सुचली कोणाला आणि का, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन साम्राज्यातील ज्यू लोकांवर दंगलींचा आणि निर्बंधांचा मारा सुरू होता; १८८२ च्या कायद्यांनी तर त्यांना शहरे आणि बाजारगावे यांच्याबाहेर नव्याने राहायला जाण्यासही मज्जाव केला. त्यामुळे पॅलेस्टाइनकडे निघालेल्या या स्थलांतरितांमध्ये दुकानदार, कारागीर, विद्यार्थी भरपूर होते. पिढीजात शेतकरी विरळा. आधी आलेल्यांनी ज्या वसाहती केल्या, त्यांपैकी बऱ्याच बॅरन एडमंड द रॉथशिल्ड या फ्रेंच धनिकाच्या पैशावर तगल्या. त्याचे व्यवस्थापक ठरवतील ते पीक, बहुधा द्राक्ष, आणि राबायला स्वस्तातले अरब मजूर, अशी ती शेती होती. नवा जमीनदार आणि जुनाच मजूर, एवढाच बदल त्यातून झाला, अशी टीका १९०४ नंतर आलेल्या तरुणांनी केली. त्यांना स्वतःच्या हाताने राबायचे होते. त्यांच्यातील बारा जणांनी १९१० मध्ये गालिल सरोवराच्या काठी देगानिया ही पहिली सामूहिक वसाहत सुरू केली, आणि पुढे तिलाच किब्बुत्झांची जननी मानले गेले.

सामूहिक जगणे सर्वांना मानवले असे नाही. सकाळी कोणी काय काम करायचे हे सभेने ठरवायचे, जेवण एकाच पंगतीत, मुलांचे संगोपनही एकत्र, यात काहींचा जीव गुदमरू लागला. कष्ट करणारा आणि कामचुकार यांच्या पदरात सारखेच पडते, हा आक्षेप तर होताच, पण कुटुंबाला स्वतःचा असा उंबरठा हवा ही ओढ अधिक खोलवरची होती. अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेऊन आलेल्या एलिएझर जोफ्फे यांनी १९१९ मध्ये एका पुस्तिकेतून मधला मार्ग मांडला. कुटुंबाने आपली शेती आपण करावी, पण कोणाला जमीनदार होता येणार नाही आणि कोणी एकटा बुडणार नाही, अशी तजवीज नियमांत असावी, हा त्या मांडणीचा गाभा.

नियम मोजकेच होते. जमीन राष्ट्रीय निधीची राहील आणि ती सर्व कुटुंबांना सारखी मिळेल. कुटुंबाने स्वतः राबायचे, पगारी मजूर लावायचे नाहीत. खरेदी आणि विक्री संस्थेमार्फतच करायची. आणि परस्परांना मदत करायची, म्हणजे नुसता शब्द द्यायचा नव्हे, तर एकमेकांच्या कर्जाला जामीनही राहायचे. या चौघांपैकी पहिल्या नियमाकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

ज्यू राष्ट्रीय निधी ही संस्था १९०१ मध्ये स्थापन झाली. जगभरातील ज्यू कुटुंबांकडून लहान-मोठ्या देणग्या घेऊन जमीन विकत घ्यायची, ती कधीही विकायची नाही, कसणाऱ्याला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, असे तिचे धोरण होते. पट्टा साधारणपणे ४९ वर्षांचा असे आणि त्याचे नूतनीकरण होई. शेतकऱ्याला जमीन विकता येत नसे, परस्पर गहाण टाकता येत नसे आणि, आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे, मुलांमध्ये वाटताही येत नसे. कुटुंबाची शेती एकाच वारसाकडे अखंड जाई. बाकीच्या मुलांनी दुसऱ्या गावी जावे किंवा दुसरा धंदा धरावा.

आता आपल्याकडचा कोणताही जुना सातबारा डोळ्यांसमोर आणावा. भोगवटादाराच्या रकान्यात आजोबांच्या नावाला कंस पडलेला, त्याखाली चार चुलत्यांची आणि दोन आत्यांची नावे, त्यातल्या एकाच्या खाली पुन्हा वारसांची रांग, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेले क्षेत्र गुंठ्यांत. तुकडेबंदीचा कायदा कागदावर असूनही वाटण्या झाल्याच, कारण जमीन हीच वारसाहक्काने मिळणारी एकमेव मालमत्ता होती. मोशावच्या नियमाने हा प्रश्न सुटला असे म्हणता येईल, पण फुकट सुटला नाही. धाकट्या भावंडांना त्यांनी सरळ बाहेरची वाट दाखवली, आणि तिथल्या घराघरांत त्यावरून रुसवेफुगवे आणि कज्जे झाले. शिवाय वारसाने गावातच राहून शेती करायची ही अटही होती. आपल्याकडे हा नियम कोणी ग्रामसभेत नुसता मांडला तरी सभा पुढे चालणार नाही.

दुसरी गोष्ट पीकपद्धतीची. यित्झाक विल्कान्स्की नावाच्या कृषितज्ज्ञाने एकपिकी शेतीविरुद्ध अनेक वर्षे आग्रह धरला होता. त्याचे म्हणणे साधे होते. द्राक्ष किंवा गहू हे एकच पीक घेतले तर काम काही महिन्यांत एकवटते, त्या महिन्यांत घरची माणसे पुरत नाहीत, मजूर आणावे लागतात, आणि उरलेले महिने घरची माणसे रिकामी बसतात. म्हणजे ‘स्वतः राबायचे’ हा नियम पाळायचा असेल तर काम बारा महिने सारखे वाटले गेले पाहिजे. म्हणून प्रत्येक घरापाशी दुभती गाय, कोंबड्या, चाऱ्याचा तुकडा, भाजीपाला, फळझाडे आणि त्यापलीकडे धान्याचे शेत. दुधाचा आणि अंड्यांचा पैसा रोजचा, भाजीचा महिन्याचा, फळांचा वर्षाचा. शेणखत घरचे, चारा घरचा. म्हणजे तत्त्वाच्या नियमाला पीकपद्धतीचा आधार होता, आणि हे दोन्ही एकमेकांशिवाय उभे राहिले नसते. खरिपात सोयाबीन किंवा कापूस आणि सारे वर्ष त्या एका भावाकडे डोळे, अशा हंगामात जगणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातले गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या पद्धतीत बाईच्या कामाचे मोल नियमाने मान्य होते, हेही खरे आहे. कोंबड्या, भाजी आणि बऱ्याचदा गोठाही तिच्याकडे असे, आणि नहलालमध्ये १९२० च्या दशकात हन्ना मायझेल यांनी मुलींसाठी शेतीची शाळा चालवली. पण चूल, मुले आणि शेत ही तिन्ही ओझी एकाच खांद्यावर आली. किब्बुत्झमधल्या स्त्रीला निदान स्वयंपाकघरापासून सुटका मिळण्याचे आश्वासन तरी होते.

संस्थेचे काम कसे चाले, हे समजायला आपल्याकडचे दूध संकलन केंद्र आठवले तरी पुरे. सकाळी दूध घातले की फॅट आणि एसएनएफची (स्निग्धांश सोडून उरलेल्या घन घटकांची) नोंद होते, दहा दिवसांचे बिल निघते, त्यातून पशुखाद्याचे पोते आणि आधी घेतलेली उचल वजा होऊन उरलेली रक्कम हाती येते. मोशावमध्ये हेच, पण साऱ्या शेतीला लागू होते. दूध, अंडी, भाजी, धान्य सारे संस्थेत जमा. पेंड, खत, बियाणे, किराणा, पाणीपट्टी, शाळेचा खर्च सारे त्याच खात्यावर नावे. महिनाअखेर शिल्लक किंवा देणे. शेतकरी बाजारात जात नसे आणि व्यापाऱ्याला तोंड देत नसे. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या तनुवा या सहकारी संघाने विक्रीची आणि त्याआधीच सुरू झालेल्या हमाशबीर या संस्थेने खरेदीची बाजू देशपातळीवर सांभाळली. आपल्या विविध कार्यकारी सोसायट्या मुख्यतः पीककर्जापुरत्या उरल्या आणि साखर कारखान्याचे सभासदत्व उसाच्या मोळीपुरते; एकाच शेतकऱ्याचे सगळे व्यवहार एका खात्यात येणे आपल्याकडे फारसे घडलेच नाही. घडले असते तर चांगलेच झाले असते, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

११ सप्टेंबर १९२१ रोजी येझ्रील खोऱ्यात नहलाल वसले. जागा निवडताना अडचण पाण्याच्या टंचाईची नव्हती, हे ऐकून दौरा करून आलेल्यांनाही नवल वाटते. अडचण होती ती पाणी तुंबण्याची. झऱ्यांचे पाणी साचून दलदल झाली होती, डास माजले होते आणि मलेरियाने तिथल्या आधीच्या वस्त्या उठल्या होत्या. पहिला काळ चर खणण्यात, नळ टाकून पाणी काढून देण्यात आणि क्विनीन गिळण्यात गेला. बायका-मुलांना तोवर जवळच्या नाझरेथ शहरात ठेवले होते. पुढे इस्राएलचे संरक्षणमंत्री झालेले मोशे दायान देगानियात जन्मले आणि लहानपणी आईवडिलांबरोबर या गावात आले.

गावाची आखणी रिचर्ड काउफमान या वास्तुविशारदाने केली. आकाशातून पाहिले तर ते बैलगाडीच्या चाकासारखे दिसते. मधल्या तुंब्याच्या जागी शाळा, सभागृह, संस्थेची गोदामे आणि शिक्षक-कारागिरांची घरे. त्याभोवती गोल रस्ता. रस्त्याला लागून शेतकऱ्यांची घरे. प्रत्येक घरामागे गोठा आणि परसबाग. आणि तिथून बाहेरच्या बाजूला रुंदावत गेलेली शेतांची पट्टी. गाव सुमारे ८० कुटुंबांसाठी आखलेले होते आणि एका कुटुंबाला साधारण १०० दुनम, म्हणजे अंदाजे २५ एकर जमीन मिळाली. नकाशात सौंदर्य आहेच, पण त्यातला हेतू अधिक पाहण्यासारखा आहे. प्रत्येक घरापासून दूध घालण्याची जागा जवळपास सारख्याच अंतरावर, कोणाचे घर मोक्याच्या चौकात नाही की कोणाचे वेशीबाहेर नाही. आपल्या गावांच्या रचनेत कोणाची वस्ती कुठे, यावरून कोणाची पायरी कुठली हे ओळखता येते. ती शक्यताच या नकाशाने काढून टाकली. अर्थात ही समता गावाच्या सभासदांपुरतीच होती.

कारण ती जमीन रिकामी नव्हती. येझ्रील खोऱ्यातील मोठे क्षेत्र बैरूतमध्ये राहणाऱ्या सुर्सोक या धनाढ्य घराण्याच्या नावावर होते, आणि ते कसत होती अरब कुळे. येहोशुआ हँकिन यांच्या मध्यस्थीने जमिनीचा व्यवहार झाला तेव्हा पैसे मालकाला मिळाले. कुळांना थोडीफार भरपाई देऊन उठवण्यात आले. आपल्याकडे निजामी राजवटीनंतर १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा झाला आणि कसणाऱ्याच्या हक्काला कायद्याचा आधार मिळाला. त्याचीही अंमलबजावणी किती आणि कशी झाली हा निराळा विषय. पण ज्या मराठवाड्याने ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ऐकली आहे, त्याला सुर्सोकांच्या कुळांची बाजू उमजायला वेळ लागू नये. नहलालच्या शेजारचे मालूल हे अरब गाव १९४८ च्या युद्धात रिकामे झाले आणि पुन्हा वसले नाही. मोशावच्या कौतुकाच्या लेखांत हा परिच्छेद बहुधा गाळलेला असतो.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले आणि मोशावचा अर्थच बदलला. काही वर्षांत येमेन, इराक, मोरोक्को, कुर्दिस्तान, रुमानिया अशा ठिकाणांहून लाखो माणसे आली. त्यांना कुठे वसवायचे हा प्रश्न होता. बहुतेकांची कुटुंबे मोठी आणि धार्मिक, त्यामुळे सामाईक पंगतीचा किब्बुत्झ त्यांना रुचण्यासारखा नव्हता; मग सरकारने मोशाव हाच साचा घेतला आणि एका दशकात अशी शेकडो गावे उभी केली. नहलालच्या लोकांनी वर्षानुवर्षे वाद घालून आपले नियम स्वतः ठरवले होते. या नव्या गावांना ते तयार मिळाले. मसाल्याचा व्यापारी, चांभार, सोनार, मुनीम अशा माणसांना घर, काही कोंबड्या, एक गाय आणि एक कृषी मार्गदर्शक देऊन शेतकरी व्हायला सांगितले गेले. जहाजातून उतरलेल्यांना थेट गावात नेण्याची पद्धत सुरू झाल्यावर, उजाड माळ पाहून काहींनी ट्रकमधून खाली उतरायलाच नकार दिल्याच्या हकिकती आहेत.

यात भारतातून गेलेलीही माणसे होती. कोचीनचे मल्याळीभाषक ज्यू १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात मोठ्या संख्येने गेले. त्यांच्यापैकी काही कुटुंबांना १९५४ मध्ये बेरशेबाजवळच्या नेवातिम या मोशावमध्ये वसवण्यात आले. हे गाव आधी १९४६ मध्ये वसले आणि नंतर ओस पडले होते. वर्षाकाठी सुमारे २०० मिलीमीटर पावसाचा तो मुलूख, आणि आलेली माणसे केरळची! आपला मराठवाडा तुटीचा म्हणायचा, तरी त्याची सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास आहे. चेंदमंगलम येथून १९५५ मध्ये गेलेले एलियाहू बेझालेल यांनी त्या वाळवंटी भागात फुलशेतीत नाव कमावले आणि भारत सरकारने त्यांचा प्रवासी भारतीय सन्मानाने गौरव केला. कोकणातून गेलेले मराठीभाषक बेने इस्राएल मात्र प्रामुख्याने डिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा शहरांत आणि नव्या गावठाणांत स्थिरावले. त्यामुळे ‘मराठी मोशाव’ शोधायला निघालेल्याची थोडी निराशा होईल.

सरकारी मोशावांतला पहिला मोठा धडा माणसांच्या मिसळणीबद्दलचा होता. चार देशांची कुटुंबे एकाच गावात बसवली की पेंडीच्या वाटपापासून प्रार्थनेच्या पद्धतीपर्यंत भांडणे होत, आणि जिथे कोणी कोणाचा भरवसा धरत नाही तिथे परस्पर जामीनकी कागदावरच राही. १९५५ च्या सुमारास लाखीश भागाची आखणी करताना उत्तर काढले गेले ते असे: एकेका गावात एकाच मुलखाची माणसे ठेवायची, अशी काही गावे जवळजवळ वसवायची, आणि शाळा, दवाखाना, ट्रॅक्टर केंद्र त्यांच्या मधोमध एका सामाईक केंद्रात द्यायचे. नेहोरा हे त्यातले एक केंद्र. जुन्या मोशावांतील तरुण मंडळी मार्गदर्शक म्हणून या गावांत राहायला गेली. काही गावे टिकली, काहींतून निम्मे लोक शहरात निघून गेले. टिकलेल्यांत बहुधा नातेसंबंधांचे जाळे आधीपासून घट्ट होते.

आता आधी टाळलेल्या कारणाकडे वळू. एकाच खात्यात सगळे आणि सगळ्यांना सगळे जामीन, ही व्यवस्था छोट्या, ओळखीच्या गावात आणि कर्ज थोडे असताना बळ देते. आपल्याकडे १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांना अमर्याद जबाबदारी घातली होती, तिच्यामागचा विचारही तोच. पण १९७० नंतर मोशावांच्या खरेदी संघांनी गोठे, पॅकहाउस, यंत्रे यांसाठी मोठाली कर्जे उचलली. महागाई इतकी होती की १९८४ मध्ये ती वर्षाला ४०० टक्क्यांवर गेली; अशा काळात कर्ज घेणे फायद्याचे वाटते, कारण फेडताना रुपयाची किंमत उरलेली नसते, म्हणजे तिथल्या शेकेलची. जुलै १९८५ मध्ये सरकारने महागाईला वेसण घातली, आणि व्याज मात्र चढेच राहिले. कर्ज एकाएकी खरे झाले.

मग जे झाले ते थकबाकीदार सोसायटीच्या कोणत्याही सभासदाला ओळखीचे वाटेल. ज्यांची शेती तोट्यात होती ते थकले. जामीनकीमुळे त्यांचे देणे नीट शेती करणाऱ्यांच्या खात्यावर आले. संस्थेत माल घातला की पैसे दुसऱ्याच्या थकबाकीत वळते होतात, हे लक्षात आल्यावर चांगले शेतकरी माल परस्पर बाहेर विकू लागले. माल बाहेर गेला तशी संस्थेची आवक आटली आणि उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढला. मदतीसाठी केलेल्या नियमाने सर्वांत जबाबदार सभासदालाच आधी बाहेर ढकलले. १९९२ मध्ये संसदेने कर्जाच्या फेररचनेचा आणि अंशतः माफीचा कायदा केला. तो मांडणाऱ्या गेदालिया गाल यांच्या नावावरून तो गाल कायदा म्हणून ओळखला जातो. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचा हिशेब स्वतंत्रपणे तपासून त्याचे देणे ठरवले गेले, म्हणजेच एका खात्याची पुन्हा अनेक खाती झाली.

आज इस्राएलमध्ये सुमारे साडेचारशे मोशाव आहेत, पण १९१९ च्या पुस्तिकेतील नियम त्यांत जसेच्या तसे शोधू नयेत. पगारी मजूर न लावण्याचा नियम आधी मोडला; १९९० च्या दशकापासून शेतावरचे काम मोठ्या प्रमाणावर थायलंडहून आलेल्या कामगारांच्या हाती गेले. बऱ्याच गावांनी परस्पर जामीनकी रद्द केली आणि गावाचा कारभार पाहणारी समिती व शेतीची सहकारी संस्था वेगवेगळ्या केल्या, जेणेकरून एकीचे कर्ज दुसरीच्या नळाला कुलूप लावू शकणार नाही. अनेक ठिकाणी गावाच्या कडेला शेती न करणाऱ्यांसाठी घरांची नवी आळी वसली आहे. जमीन मात्र अजूनही पट्ट्यावरच आहे, आणि कुटुंबाची शेती एकाच वारसाकडे जाण्याचा नियमही बहुतांशी टिकून आहे.